जावा २५०, पासिंग १९६९ : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

गाडी काल संध्याकाळी टेम्पोनं गडहिंग्लजहून कोल्हापुरात आली. जावा २५०, मॉडेल ३५३/०४, जुन्या लोकांच्या तोंडी ‘ए टाइप’. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली. पहिल्यापासून एकच मालक. हायस्कूलला गणित शिकवायचे. गुडघ्यानं किक मारवेना तेव्हा गाडी पडवीत लागली, ती आता हलली.

पहिली पाहणी. इंजिन जाम नाही, किक खाली जाते, पण दाब मऊ. टाकीच्या तळाला गंज. दोन्ही सायलेन्सर आतून कोंदलेले. मागच्या मडगार्डाची खालची कड सडून हातात आली. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. सीटचा पत्रा शाबूत, फोम नाही. मात्र गाडीवरचा एकही भाग गायब नाही, आणि बोल्टांची डोकी पान्यानं गोल झालेली नाहीत. ज्यांनी ही गाडी उघडली त्यांनी योग्य मापाचा पाना वापरलाय. जुनी गाडी घेताना मी हे सगळ्यात आधी बघतो. रंग कुणीही मारून देतो.

चेनचा डबा उघडला. जावाची मागची चेन पूर्ण झाकलेली असते, पाऊस नाही, धूळ नाही. आत ग्रीस काळं पण ओलं, चेनच्या कड्यांवर गंजाचा ठिपका नाही. आजच्या बऱ्याच मोटरसायकलींची चेन उघडी असते आणि आपल्या पावसाळ्यात दर थोड्या दिवसांनी तिला तेल पाजावं लागतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न पत्र्याच्या दोन तुकड्यांत सोडवून ठेवला होता. मला या गाड्यांचं वेड लागलं ते अशाच गोष्टींमुळं, दिसण्याचं आकर्षण नंतर आलं.

१२ जानेवारी

सरांनी गाडीबरोबर दोनशेपानी वही दिली आहे. पेट्रोल, ऑइल, किलोमीटर, काय बदललं, कुठं बदललं. निळ्या शाईत, ओळीच्या वर न जाणारं अक्षर. ‘आंबोली घाटात प्लग काळा, साफ केला.’ ‘क्लच प्लेटा नवीन.’ ‘पुढील चाक आरे ४ बदलले.’ आज दुपार वाचण्यातच गेली.

कामाच्या दृष्टीनं दोन नोंदी मोलाच्या. १९७८ साली पहिलं रिबोअर, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं, ‘पिस्टन २५ चे’. १९९० साली दुसरं, ‘पिस्टन ५० चे’. म्हणजे मूळ ६५ मिलिमीटरचा सिलिंडर आधी ६५.२५ झाला, मग ६५.५०. आता गेज लावून बघायचं, पण अंदाज असा की यावेळी ७५ चा पिस्टन लागेल.

इथं जरा थांबतो, कारण या गाड्या इतकी वर्षं का टिकल्या याचं उत्तर मला या दोन ओळींत दिसतं. सिलिंडर झिजणारच, हे बनवणाऱ्यानं पहिल्या दिवशी मान्य केलं होतं. म्हणून तो बिडाचा केला, भिंत जाड ठेवली, आणि पाव-पाव मिलिमीटरनं मोठे होत जाणारे पिस्टन स्वतःच यादीत घातले. गाडी म्हातारी होण्याचा मार्ग कारखान्यातच आखून दिला. आज बऱ्याच इंजिनांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर आतून कठीण लेप असतो. तो झिजतो कमी, उष्णता लवकर सोडतो, फार चांगलं तंत्र आहे. पण एकदा लेप गेला की बोअर मारून मोठा पिस्टन टाकता येत नाही, बहुतेक वेळा आख्खा सिलिंडर बदलावा लागतो. तो मिळतो तोवर ठीक.

आणि आयडियल जावा तर १९९६ सालीच बंद पडली. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० साली सुरू केलेला म्हैसूरच्या यादवगिरीतला कारखाना, १९६१ पासून गाड्या, १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव. कंपनी जाऊन जवळजवळ तीस वर्षं झाली आणि मी कोल्हापुरात बसून पिस्टन कुठल्या मापाचा मागवू याचा विचार करतोय.

१९ जानेवारी

इंजिन फ्रेममधून उतरवलं. दोघांचं काम, पण अवघड नाही. हेड काढलं, चार नट. सिलिंडर वर ओढून घेतला. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर, टोकदार वस्तूनं खरवडला तर पापुद्रे निघाले. दोन स्ट्रोकचं इंजिन, त्यामुळं व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पेट्रोलबरोबर जळणारं ऑइलच बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देतं. २४८.५ सीसी, १२ अश्वशक्ती. आजच्या हिशेबानं ताकद अगदीच बेताची. पण इंजिनात हलणारे भाग मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरतात, आणि जे नाही ते बिघडत नाही.

कनेक्टिंग रॉड वरखाली हलवला तर बोटाला स्पष्ट टिक लागतं. मोठं बेअरिंग गेलं. क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा, फोडावा लागणार.

दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या नळ्या ओढून काढल्या आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकल्या. हातमोजे, चष्मा घालून, उघड्यावर. उद्या बघू.

२ फेब्रुवारी

उद्यमनगर. अण्णांच्या बोरिंग मशीनवर सकाळपासून. कोल्हापूरला ही एक श्रीमंती आहे. ऑइल इंजिनांच्या दिवसांपासून या गल्ल्यांत लेथ, बोरिंग, ग्राइंडिंग, ओतकाम हातच्या अंतरावर मिळतं. भाग मिळाला नाही तर करून मिळतो.

अण्णांनी आधी बोअर गेज लावलं. वर, मध्ये, खाली; मग गेज नव्वद अंशात फिरवून पुन्हा तसंच. सिलिंडर एकसारखा झिजत नाही. वरच्या भागात, जिथं रिंग थांबून उलटी फिरते आणि जाळ सगळ्यात जास्त असतो, तिथं झीज जास्त. माप बघून ते म्हणाले, ‘‘७५ मध्ये बसतंय. अजून एक-दोन बोअर आहेत ह्याच्यात. बिनघोर ऱ्हावा.’’

पिस्टन आधी हातात घेतल्याशिवाय ते बोअर मारत नाहीत. डब्यावर ६५.७५ लिहिलेलं असलं तरी मायक्रोमीटरनं स्वतः मोजतात, खाली स्कर्टवर, पिनच्या आडव्या दिशेनं. मग त्या पिस्टनपुरता सिलिंडर कापतात. शेवटचा हात होनिंगचा. भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात, त्यांत ऑइल धरून राहतं.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नवी पोरं ती विसरतात. दोन स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात, पोर्ट म्हणतात त्या. बोअर मारल्यावर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. रिंग तिथून जाताना जरा बाहेर फुगते, धारेवर अडकते आणि तुटते. अण्णांनी बारीक कानस घेऊन प्रत्येक खिडकीची प्रत्येक कड हातानं मारली, मग पॉलिश पेपर, मग बोट फिरवून तपासलं. अर्धा तास त्यातच. रिबोअर केल्यावर महिन्यात इंजिन गेलं असं कुणी सांगितलं, की मी आधी या कडा विचारतो.

१६ फेब्रुवारी

क्रँक. हायड्रॉलिक प्रेसवर पिन दाबून काढली, दोन्ही चकत्या वेगळ्या केल्या. नवा रॉड, नवी पिन, नवे रोलर. पुन्हा दाबून एकत्र. हे तसं लवकर होतं. वेळ लागतो तो पुढं, दोन चकत्या एका अक्षात आणायला.

जोडलेला क्रँक लेथवर दोन सेंटरमध्ये धरला, दोन्ही बाजूंच्या शाफ्टवर डायल लावला आणि हातानं फिरवला. काटा नाचत होता. अण्णांनी पितळी हातोडी घेतली. तबलजी गजऱ्यावर हातोडी मारून तबला सुरात आणतो तसं, बघायचं, एक टोला, फिरवायचं, ऐकल्यासारखं थांबायचं, पुन्हा एक टोला. काटा मिलिमीटरच्या दोन शतांशांत आला तेव्हा त्यांनी हातोडी ठेवली. ‘‘आता हँडलला कंप येणार नाही,’’ एवढंच बोलले. अण्णांनी हे कुठल्या वर्गात शिकलेलं नाही. जुन्या गाडीच्या टिकाऊपणात या हातांचा वाटा आहे आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापला जात नाही.

९ मार्च

पत्र्याचं काम. मडगार्डाची सडलेली पट्टी कापून नवी जोडली. मूळ रंग कोणता, यावर आठवडाभर चर्चा चालली होती. बाजूच्या डब्याच्या झाकणाआड ऊन न लागलेला एक पट्टा सापडला. गडद मरून, काळसर झाक असलेला. आता तोच.

टाकीच्या बाजू क्रोमच्या आहेत आणि तिथं डावीकडं एक पोचा होता. रंगाखाली पुट्टी लपते, क्रोमखाली पुट्टी चालत नाही. त्यामुळं पोचा धातूतच उचलावा लागला. डेंटरनं नळाच्या तोंडातून वाकवलेली सळई घालून आतून थोडं थोडं उचललं. प्लेटिंगवाल्याकडं आधी पॉलिश, मग तांबं, मग निकेल, मग क्रोम. गंजापासून राखणारं खरं निकेलच. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, वरची चमक आणि कठीणपणा त्याचा. निकेल कमी दिलं तर दोन पावसाळ्यांत फोड येतात. म्हणून त्याच्याशी पैशाची घासाघीस केली नाही, निकेल जाड मागितलं.

३० मार्च

पाडवा. आज सोनेरी लायनिंग. टाकीवर, मडगार्डांवर, डब्यांवर. स्टिकरची पट्टी मिळते, नको म्हटलं. गल्लीतल्या जुन्या पेंटरना बोलावलं होतं. पूर्वी ट्रक आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता फ्लेक्समुळं काम कमी. लांब केसांचा ब्रश, करंगळीचा टेकू मडगार्डाच्या कडेला आणि मनगट न हलवता पूर्ण हात खांद्यापासून ओढलेला. एका दमात मडगार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. मध्ये थांबलं तर रंगाची गाठ येते. रेघेची जाडी अगदी एकसारखी नाही, सुरुवातीला केसभर रुंद, शेवटाला निमुळती. जुन्या जावांवर अशीच असायची. मला हे फार आवडतं. यंत्रावर माणसाच्या हाताची खूण उरते.

१३ एप्रिल

भाचा पुण्याहून आला, स्वतःच्या नव्या रेट्रो मोटरसायकलवर. गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी, बसकी सीट. मला म्हणाला, ‘‘मामा, एक चक्कर मारून या. आणि खरं सांगा हं.’’

रंकाळ्याला वळसा घालून शिंगणापूरपर्यंत गेलो. खरं सांगायचं तर गाडी उत्तम आहे. बटणावर सुरू, थंडीतही चोक नको, ब्रेक दाबला की थांबते. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं आहे, आणि ओल्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं तर माझ्या जावाचे ड्रम ब्रेक त्याच्या जवळपासही येणार नाहीत. रोज ऑफिसला जायला मी पोरांना हीच गाडी सांगेन.

संध्याकाळी दोन्ही गाड्या शेजारी लावून बराच वेळ बोलत बसलो. जुन्या वळणाच्या नव्या गाड्या आता जगभर निघतायत. रॉयल एन्फील्डची क्लासिक २००९ ला आली आणि तिनं आपल्याकडं वारं फिरवलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा हे नाव परत आलं. इंजिन पूर्ण नवं, २९३ सीसी, पाण्यानं थंड होणारं, चार स्ट्रोकचं. पण सिलिंडर एक असूनही सायलेन्सर दोन ठेवले, कारण दोन सायलेन्सरशिवाय लोकांनी तिला जावा म्हटलंच नसतं. ट्रायम्फनं २००८ मध्ये बॉनव्हिलला कार्बोरेटरच्या जागी पेट्रोलचं इंजेक्शन बसवलं तेव्हा त्याची बॉडी मुद्दाम कार्बोरेटरच्या आकाराची घडवली. तीच ट्रायम्फ आता बजाजबरोबर चाकणला स्पीड ४०० बनवते.

ही नक्कल आहे असं काही जुने शौकीन म्हणतात, मला ते पटत नाही. लोकांना इंजिन डोळ्यांनी दिसायला हवंय, पाठ सरळ ठेवून बसायचंय, टाकी पत्र्याची हवी आहे, हात फिरवला तर थंड लागणारी. ही ओढ खरी आहे, आणि चांगल्या ब्रेकांसह ती भागत असेल तर उत्तमच.

भाच्यानं मग नेमका प्रश्न विचारला. ‘‘माझी गाडी पंचावन्न वर्षांनी अशी उभी करता येईल का?’’ लोखंडाचं काम होईल, मी म्हटलं. क्रँक, गिअर, चाकं, रंग, क्रोम, सगळं. अडचण येईल ती सीटखालच्या छोट्या डब्याची, ज्यात प्रोग्राम आहे. तो गेला तर उद्यमनगरात लेथवर करता येणार नाही. कंपन्यांनी तो डबा दुसऱ्या कुणाला तरी बनवता येईल अशी सोय ठेवली, जशी कुणीतरी पाव-पाव मिलिमीटरच्या पिस्टनांची ठेवली होती, तर या गाड्याही तितक्याच जगतील. आकार जपलाय, ही सवयही जपावी असं मला मनापासून वाटतं.

११ मे

वायरिंग पूर्ण. सहा व्होल्टच ठेवलं. बारा व्होल्टचं किट मिळतं, उजेड चांगला पडतो, पण रात्री ही गाडी फार चालवायची नाही, आणि मूळ डायनॅमो टेस्टवर उत्तम चार्ज देतोय.

पॉइंट लावले, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणारा छोटा स्विच. उजवीकडचं झाकण काढलं की डायनॅमो आणि पॉइंट समोर. जास्तीत जास्त उघडतात तिथं अंतर ०.४ मिलिमीटर, फीलर गेज हलकं घासत जाईल इतकं. मग टायमिंग. प्लगच्या भोकातून डेप्थ गेज पिस्टनवर टेकवलं, पतंगाच्या कागदाची पट्टी पॉइंटच्या दोन टोकांमध्ये धरली आणि क्रँक सावकाश फिरवत आणला. कागद ओढून ठेवायचा. ज्या क्षणी तो अलगद सुटतो, त्या क्षणी ठिणगी पडते. त्यावेळी पिस्टन पुस्तकात दिलेल्या अंतरावर हवा. थोडी प्लेट सरकवली, पुन्हा कागद, पुन्हा गेज. जमलं.

कार्बोरेटर जिकोव्ह. जेटमधून उजेड आरपार दिसेपर्यंत साफ केला. फ्लोट ठीक.

पेट्रोलच्या नळीचा मात्र विचार करावा लागला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि आपला तर कारखान्यांचा जिल्हा, त्यातलं बरंचसं इथेनॉल इथल्याच उसाचं असणार. त्याला माझा विरोध नाही. पण जुनं रबर त्यात फुगतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणारी नळी आणि कॉकची नवी वॉशरं टाकली. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करायची, हा नियम आता पाळायचाच.

पेट्रोलमध्ये लिटरला ५० मिलि टूटी (दोन स्ट्रोकचं) ऑइल, सुरुवातीच्या रनिंगसाठी. पुढं ४०.

१८ मे

सुरू झाली.

किक आणि गिअरचा दांडा जावात एकच, डाव्या बाजूला. तो आत दाबून मागं वर फिरवला की किक, सुरू झाल्यावर पुढं आणला की गिअर. कार्बोरेटरची टिचकी पेट्रोल ओघळेपर्यंत दाबली, इग्निशन बंद ठेवून दोनदा किक फिरवली, मग चावी. पहिल्या किकला खोकली, पुढच्याला धरली. निळा धूर, दोन नळ्यांतून तो ठसठशीत डुग-डुग आवाज. गल्लीतली म्हातारी माणसं आपसूक दारात आली. एकाला आवाजावरूनच गाडी ओळखता आली, बघायच्या आधी.

१ जून

धूर कमी व्हायला हवा होता, उलट पांढरा आणि दाट झाला. गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं तर पातळी खाली. म्हणजे डावीकडचं क्रँकचं सील नीट बसत नाही आणि इंजिन पलीकडचं ऑइल ओढून जाळतंय. क्लचचं झाकण आणि प्रायमरी चेन उतरवून सील काढलं. किटमध्ये आलेलं सील शाफ्टवर सैल होतं, ओठाची धार वाकलेली. दुसऱ्या दुकानातून मापानं निवडून चांगलं आणलं. सगळं काम इंजिन फ्रेममध्येच ठेवून झालं. दुपारच्या जेवणाआधी गाडी पुन्हा सुरू, धूर निळसर आणि विरळ.

२२ जून

पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर, शेवटचा चढ चांगला. सकाळी लवकर, रिपरिप पाऊस. वाघबीळच्या पुढं चढाला गती कमी झाली तसा तिसरा टाकला. या गाडीला क्लच हातात आहेच, पण गिअरच्या दांड्यावर पाय दाबला की आतला कॅम क्लच आपोआप सोडवतो; सवय झाली की हात नुसता हँडलवर ठेवून गिअर बदलता येतात. वर पोचल्यावर प्लग काढून बघितला. फिकट तपकिरी, हवा तसा. हेडवर पावसाचे थेंब पडून लगेच वाळत होते. दहा मिनिटं थंड होऊ दिली, खाली उतरलो. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवायचा नाही, मधूनमधून उघडायचा, नाहीतर पिस्टनला ऑइल मिळत नाही. हे सरांच्या वहीतही लाल शाईत लिहिलेलं आहे.

१३ जुलै

जुलैचा दुसरा रविवार, जावा-येझदीवाल्यांचा दिवस. सकाळी बिंदू चौकाजवळ जमलो. बहुतेक येझदी, त्यात रोडकिंग जास्त. ए टाइप थोड्याच. तीन नव्या जावाही आल्या होत्या आणि त्यांना आवर्जून पुढं उभं केलं. पोरं जुन्या इंजिनांवर वाकून वाकून बघत होती.

कागदांचं ठरलं. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करता येते, जुना नंबरही राखता येतो. पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. मला ही गाडी प्रदर्शनापुरती ठेवायची नाही, बाजारात न्यायची आहे, घाटात न्यायची आहे. म्हणून फिटनेस तपासून नेहमीच्या पद्धतीनं पाच वर्षांचं नूतनीकरण करतोय. नंबर तोच, १९६९ चा.

राहिलेलं काम : पुढच्या ब्रेकचे लायनर टेकायला अजून थोडे घासायचे. स्पीडोमीटरची केबल आखूड आहे, बदलायची. रनिंग पूर्ण झालं की हेड उघडून पिस्टनच्या डोक्याचा रंग बघायचा आणि ऑइल ४० वर आणायचं. सरांच्या वहीत पुढची पानं कोरी आहेत, आजपासून पेट्रोलचा हिशेब तिथंच लिहितोय. पाऊस ओसरला की आजऱ्यामार्गे आंबोली.